बैलाच्या पावलानं चालणारा ट्रॅक्टर

बाबांनी ट्रॅक्टर घेतला त्या उन्हाळ्यात मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. आमचं गाव आर्णीच्या अलीकडे, सडकेपासून आत. माझं सासर यवतमाळचं. यजमान तिथल्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होते आणि सुटीच्या दिवशी एसटीनं मला भेटायला येत.

ट्रॅक्टर नवा नव्हता. पांढरकवड्याकडच्या एका लाकडाच्या ठेकेदारानं तो वापरून सोडला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा, परदेशी. पुढून हँडल मारून पेट्रोलवर चालू करायचा आणि इंजिन तापलं की रॉकेलवर घ्यायचा. त्याच्यासोबत बाबांनी एक यंत्र आणलं होतं. एका आडव्या लोखंडी दांड्यावर वाकडी पाती बसवलेली. ट्रॅक्टरच्या मागून एक फिरता दांडा निघून त्या यंत्राला जोडला जाई आणि पाती गरगरा फिरू लागत. गावानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव भिंगरी ठेवलं.

भिंगरी हवी होती ती नाल्याकाठच्या शेतासाठी. त्या शेतात वर्षानुवर्षं कुंदा, म्हणजे एक चिवट गवत, माजला होता. कुंद्याची मुळं काळ्या जमिनीत इतकी खोल जातात की बैलांचा नांगर तिथे वरवर ओरबाडून येतो. आदल्या वर्षी सरकारी ट्रॅक्टरनं ते शेत खोल नांगरून दिलं होतं. बायकांनी मुळं वेचून जाळली. पण मागे जी ढेकळं राहिली ती घमेल्याएवढी. वखर त्यांच्यावरून घसरून जायचा. ढेकळं फुटल्याशिवाय पेरणी नाही, आणि ती फोडायला भिंगरी, असा बाबांचा हिशेब होता.

वळवाची एक सर येऊन गेली, ढेकळं जरा ओलावली आणि बाबांनी ट्रॅक्टर शेतात उतरवला. चालवायला जवळच्या तांड्यावरचा एक माणूस ठेवला होता. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत हिंडलेले. त्यानं स्वतः काही वर्षं लाकडाचा ट्रक चालवला होता. चाळिशीचा, शांत माणूस. त्यानं सगळ्यात खालचा गिअर टाकला, आणि तरी तो ट्रॅक्टर खुंट्यावरून सुटलेल्या गोऱ्ह्यासारखा पळाला. मागे भिंगरी ढेकळांवर आपटत, उड्या मारत गेली. बांधावर पोचल्यावर सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. ढेकळं होती तिथेच होती, फक्त त्यांच्यावर ओरखडे आले होते.

मग ड्रायव्हरनं इंजिन हळू केलं. ट्रॅक्टर हळू झाला, पण भिंगरीही हळू झाली आणि पहिल्याच मोठ्या ढेकळात अडकून बसली. त्यानं क्लच अर्धा दाबून चालवून पाहिलं. थोड्या वेळात जळका वास सुटला. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःची अक्कल लावली. ट्रॅक्टर ओढीनं मंदावेल म्हणून बाभळीचं एक मोठं खोड साखळीनं मागे बांधलं. इंजिन रेड्यासारखं कण्हलं, खोडानं शेतात एक चर पाडला आणि काम झालं नाही. बाबा घरी आले, जेवले आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडले. माय मला म्हणाली, "आता दोन दिवस त्यायले काई विचारू नोको."

बाबा रागीट नव्हते. पण एखादी गोष्ट गावासमोर बिघडली की ते आत जात, आणि त्यांना बाहेर काढणं कठीण होई. तेव्हा मला रात्री झोप लागत नसे. पोटातलं बाळ फिरलं की जाग येई, आणि जागी झाले की ओसरीवर बाबा कूस बदलताना ऐकू येत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "बाई, तुह्या नवऱ्याले या कामातलं काई समजते काय?"

हा प्रश्न त्यांना किती जड गेला असेल ते मला माहीत होतं. माझं लग्न माझ्या मामांनी जमवलं होतं. बाबांच्या मनात शेतीवाडीचं घर होतं. कारखान्यात दुसऱ्याच्या यंत्राला तेल घालणारा जावई त्यांना मनातून पटला नव्हता. ते तसं कधी बोलले नाहीत. यजमान आले की त्यांना पाणी, पाट, पहिला घास, सगळा मान असे. पण सासरा-जावई एकमेकांशी बोलत ते पाऊस आणि एसटीच्या वेळेपुरतं. बाकी जे काही असेल ते माझ्यामार्फत.

"विचारून पाहतो," मी म्हणाले.

"मी विचारलं म्हणू नोको. तूच विचारल्यावानी विचारजो."

यजमान आले तेव्हा मी तसंच विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि चहा झाल्यावर एकटेच ट्रॅक्टरकडे गेले. खाली शिरले, बाजूची लोखंडी पेटी उघडली, बराच वेळ आत हात घालून बसले. परत आले तेव्हा कोपरापर्यंत काळे होते. मी त्यांच्या हातावर पाणी घालताना त्यांनी मला समजावलं. इंजिन एकच. चाकंही तेच फिरवते आणि भिंगरीही तेच. इंजिन हळू केलं की दोन्ही हळू. आपल्याला भिंगरी जोरात पाहिजे आणि चाकं हळू पाहिजेत. या ट्रॅक्टरला इंजिनाकडून मागच्या चाकांकडे दोन्ही बाजूंनी साखळी जाते, सायकलीसारखी. ज्या दातेरी चाकावरून ती साखळी निघते ते चाक लहान केलं, तर मागची चाकं हळू फिरतील. भिंगरीला काही फरक पडणार नाही.

बाबा ओसरीत खांबाला टेकून बसले होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं, पण ते दुसरीकडे पाहत होते. यजमान आत गेल्यावर ते मला म्हणाले, "भिंगरी जोरात आन ट्रॅक्टर हळू, त्यानं काय होते? मले काई समजलं नाही."

मला एकदम कडबा तोडणं आठवलं. "बाबा, कडबा तोडतानी कुऱ्हाडीचा हात तुमचा एकसारखा चालते. पेंढी भरभर सरकवली त लांब लांब कांड्या पडते. हळूहळू सरकवली त बारीक कुटार होते. तसंच हाय हे. पातं तेच, पेंढी हळू सरकवाची."

बाबांनी मान हलवली. "मंग त्यायले सांग, बैल पाऊल टाकते तसा चालला पायजे. बैलाच्या पावलाच्या वर नाही."

हे मी आत जाऊन सांगितलं. यजमान बाजेवर बसून एका कागदाच्या तुकड्यावर काहीतरी आखत होते. ते म्हणाले, "चाक मी कापीन. फोरमन लेथ वापरू देते, सामानही भेटन. पण लहान चाकावर साखळीची ओढ वाढते. दात टिकते का तुटते, ते मले नाही सांगता येत. साखळीही जुनी हाय."

"मग बाबाले तसं सांगा ना."

"तुह्या बाबाले मी कसं सांगू? होत नाही म्हटलं त फिटर कायचा? आन होते म्हटलं आन तुटलं, तरी तेच."

मी बाहेर येऊन बाबांना सांगितलं, "करून पाहतो म्हणाले. साखळी जुनी हाय म्हणाले, टिकन का नाही पाहा लागन."

बाबांनी त्यातलं पहिलंच ऐकलं. "करतो म्हनाले ना? मंग झालं."

ते दोन आठवडे मला काही सुचत नव्हतं. माय म्हणायची, या दिवसांत मनात भलतंसलतं आणू नये. पण माझ्या डोळ्यांसमोर दिवसभर ते दात तुटत. एका बाजूची साखळी तुटली तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि नाल्यात जातो, हे चित्र मी स्वयंपाक करताना, भाजी निवडताना, केस विंचरताना पाहत होते. ट्रॅक्टर मोडला तर बाबा आत जातील, आणि या माणसाकडे पुन्हा कधी नीट पाहणार नाहीत. माणूस मेला तर काय, इथपर्यंत मी विचार नेऊन परत फिरे.

यजमान आले ते गोणपाटात गुंडाळलेली दोन चाकं घेऊन. एसटीच्या कंडक्टरनं ती टपावर ठेवायला लावली होती, म्हणून ते उतरल्यावर आधी टपावर चढले. बाबा सडकेवर बैलगाडी घेऊन गेले होते. परत येताना दोघं गाडीत शेजारी बसून आले आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत, असं मला गाडीमागून चालत आलेल्या ड्रायव्हरनं हसत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोन्ही पेट्या उघडून जुनी चाकं काढली, लहान बसवली, साखळ्यांच्या कड्या कमी केल्या. दुपार कलल्यावर ट्रॅक्टर शेतात उतरला. मी मायला न सांगता गेले. बांधावर अर्धं गाव उभं होतं. यजमान बांधाच्या एका टोकाला, बाबा दुसऱ्या टोकाला.

ट्रॅक्टर चालला. इंजिनाचा आवाज तोच, मोठा, पण चाकं इतकी हळू फिरत होती की त्यांना चिकटलेली ढेकळं मोजून घ्यावीत. मागे भिंगरी गुरगुरत होती आणि तिच्या मागून जमीन बारीक, मऊ होऊन बाहेर येत होती. एक म्हातारा वाकला, मूठभर माती उचलून चोळली आणि बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती हातात धरून ठेवली. यजमानांकडे मात्र पाहिलं नाही. संध्याकाळी जेवताना मला म्हणाले, "त्यायले अजून तूप वाढ."

यजमान जाताना ड्रायव्हरला समजावून गेले. नाल्याच्या उताराला जपून, साखळीला रोज तेल, दातांवर रोज नजर. मला म्हणाले, "टिकन असं वाटते." पण एसटीत बसेपर्यंत ते कपाळ पुसत होते.

साखळी चार दिवसांनीच तुटली. मी तेव्हा घरी होते. ट्रॅक्टरचा आवाज थांबला आणि मी हातातलं सूप खाली ठेवून उभी राहिले. ड्रायव्हर आला तो शांतपणे पाणी मागायला. एक कडी तुटली होती. ट्रॅक्टर एका अंगाला जरासा वळला आणि उभा राहिला, इतकंच. त्या चालीत त्याला वेगच नव्हता. आर्णीच्या लोहारानं कडी जोडून दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. यजमानांना हे कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तुटून पाहिलं, काही झालं नाही. सगळ्यांचीच भीती गेली.

माझी वाढली. आधी ट्रॅक्टर पळायचा तेव्हा माणसं लांब उभी राहत. तो आला की पोरंसोरं बांधावर पळत. आता तो माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालायचा, म्हणून माणसं त्याच्यासोबत चालू लागली. जशी ती औताबरोबर चालत, तशीच. कुणी मडगार्डवर हात ठेवून ड्रायव्हरशी गप्पा मारे, कुणी मागे भिंगरीजवळ वाकून माती कशी निघते ते पाही. सगळ्यांत जवळ बाबा. शेजारच्या गावातून कुणी आलं की बाबा त्याला घेऊन ट्रॅक्टरच्या बाजूनं पूर्ण शेतभर चालत. "हे आमच्या जवाईनं केलं," असं त्यांना सांगताना मी कानांनी ऐकलं. घरात ते वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नाही.

बाबा धोतर नेसत. कामाच्या वेळी सोगा कमरेला खोचत, पण वाकलं की तो सुटे. आणि चाकं हळू झाली होती तरी मधला तो फिरता दांडा हळू झाला नव्हता. तो गुडघ्याएवढ्या उंचीवर, उघडा, इतका भरभर फिरे की फिरतोय हे दिसतही नसे. तो स्थिर उभा असल्यासारखा वाटे.

हे मी पहिल्यांदा बोलले तेव्हा यजमानांचा चेहरा उतरला. त्यांनी साखळीचा विचार केला होता, दातांचा केला होता. जवळ येणाऱ्या माणसांचा नव्हता केला. ते म्हणाले, "कारखान्यात अशा दांड्यावर पत्र्याचं झाकन असते. मी करून आनतो. तोवर तुह्या बाबाले सांग, दांड्याच्या जवळ नोका जाऊ म्हणा."

मी सांगितलं. बाबा म्हणाले, "मी काय लेकरू आहो? जन्म औतामागं गेला माह्या."

"बाबा, बैल दिसते. थो दांडा दिसत नाही."

"मले दिसते," ते म्हणाले, आणि विषय संपला.

यजमानांनी रॉकेलचे डबे कापून झाकण केलं आणि बसवून दिलं. दोन दिवस ते टिकलं. पण शेतात अजून कुंद्याची मुळं होती, ती भिंगरीला गुंडाळत आणि झाकणाखाली जाऊन बसत. ती काढायला दर वेळी झाकण सोडवावं लागे. तिसऱ्या दिवशी ते बांधावर पडलेलं दिसलं. ड्रायव्हर म्हणाला, "पाटील म्हणाले, राहू दे." मी बाबांना पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "मिरग जवळ आला, बाई. असं घडीघडी थांबलो त शेत कवा होईन?"

मग मी रोज दुपारची भाकर घेऊन स्वतः जाऊ लागले. माय रागावे. इतक्या उन्हात, अशा दिवसांत, चालवत नाही तर कशाला जातेस. मी म्हणे, डॉक्टरीणबाई चाल म्हणाल्या आहेत. बाभळीच्या सावलीत बसून मी फक्त बाबांचं धोतर पाही. ट्रॅक्टर पलीकडच्या बांधाकडे गेला की जरा श्वास सोडायचा, वळून इकडे आला की पुन्हा धरायचा. ड्रायव्हरलाही मी सांगितलं होतं. तो म्हणाला, "बाई, मी समोर पाहू का मागं पाहू?" त्याचंही खरं होतं.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी वारा होता. बाबा मागच्या चाकाच्या आणि भिंगरीच्या मधून चालत होते. हातात काठी होती. चालत्या भिंगरीतून मूळ बाजूला सारायला ते वाकले. धोतराचा सोगा कमरेतून निसटला, वाऱ्यानं पांढरा फडफडला, आणि मला पुन्हा दिसला नाही.

बाबा एकदम कुणी मागून ओढावं तसे झुकले. त्यांनी मडगार्डची लोखंडी कड धरली. मी उठले. उठताना एका हाताला झाड लागलं ते आठवतं. ओरडायला तोंड उघडलं, पण इंजिनापुढे माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ड्रायव्हरची पाठ माझ्याकडे होती. बाबांचं शरीर कड धरून ताणलं गेलं होतं. मग त्यांचा एक हात सुटला आणि ते आडवे झाले.

ड्रायव्हरनं वळून पाहिलं आणि क्लच दाबला. त्यानं का पाहिलं, ते त्यानंच नंतर सांगितलं. बाबा सारखे बोलत होते. बोलणं थांबलं म्हणून त्यानं पाहिलं.

क्लच दाबल्यावर चाकं आणि दांडा दोन्ही थांबत. तोवर धोतर फाटलं होतं. शेतात नेसायचं जुनं, विरलेलं धोतर होतं ते. नवं असतं तर फाटलं नसतं. मी जाऊन पोचले तेव्हा बाबा मातीत बसले होते, अंगात बंडी आणि कमरेला चिंधी. ड्रायव्हर स्वतःच्या खांद्यावरचा पंचा त्यांना गुंडाळत होता. मी मुलगी, मी तोंड फिरवलं. पण मला बघायचंच होतं की त्यांचे हातपाय जागेवर आहेत की नाहीत, म्हणून पुन्हा वळले. पाय होते. मांडीवर दोर आवळल्यासारखे लाल वळ होते. उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं.

त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "तू बस. आधी तू खाली बस." मी बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "तुह्या नवऱ्याले सांगू नोको."

इतके दिवस मी या दोघांचे निरोप नेत होते. निरोप न्यायचा नाही, असं मला प्रथमच सांगितलं गेलं होतं.

बैलगाडीनं त्यांना आर्णीच्या दवाखान्यात नेलं. हाताला प्लास्टर घालून आणलं. मायनं त्यांना बाजेवर निजवलं. मला मात्र म्हणाली, "तू होती तिथं. पोटुशी बाई, आन तू तिथं होती." मग पदर डोळ्यांना लावून चुलीपाशी बसली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाळ हललं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. पोटावर हात ठेवून पडून राहिले. दिवे लागल्यावर ते हललं, तेव्हा मला रडू फुटलं. मायला वाटलं मी बाबांसाठी रडते.

यजमान आले तेव्हा बाबा ओसरीत प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेले. "पडलो," ते म्हणाले. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा करायला आत गेले. ते शेताकडे गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात धोतराचा पीळ होता. दांड्यावर गुंडाळलेला, तेल-मातीनं काळा, दोरखंडासारखा घट्ट. तो त्यांनी सुरीनं कापून काढला होता. ते बाबांच्या समोर उभे राहिले. मी दाराआड.

"मामाजी, हे तुमचं हाय."

"हाय," बाबा म्हणाले.

"मी ते लहान चाकं काढून टाकतो. पहिलेवानी पळू द्या त्याले. पळे तवा कोनी जवळ जात नव्हतं."

"आन शेत?"

"शेत गेलं चुलीत." यजमान म्हणाले. माझ्या वडिलांशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "माह्या हातच्या कामानं तुमचं काई झालं असतं, त मी हिले तोंड कसं दाखवलं असतं? या घरात पाय कसा ठेवला असता?"

मला वाटलं, आता बाबा उठून आत जातील आणि हे कायमचं संपेल. पण बाबा बसूनच राहिले.

"बसा, जवाईबापू," ते म्हणाले. यजमान बसले नाहीत. "तुमच्या कामानं काई नाही झालं. तुमी झाकन देल्लं होतं. काढलं मी. पोरीनं दहादा सांगतलं, मी नाही आयकलं. चाकं काढू नोका. झाकनच असं करा का मले एका हातानं काढता नाही आलं पायजे."

यजमान खाली बसले. त्यानंतर ते दोघं बोलत राहिले. जाड पत्रा कुठून मिळेल, मुळं अडकू नयेत म्हणून खालून किती मोकळं ठेवायचं, दोन्ही बाजूंना आडवं लाकूड लावलं तर माणूस आत जाईल का. मधूनच आवाज चढत होते. बाबांना आडवं लाकूड नको होतं, ढेकळांना लागेल म्हणून. यजमानांना ते हवंच होतं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी चहा ठेवला तो तसाच निवला.

यजमानांनी कारखान्यातून रजा घेतली. जाड पत्र्याचं झाकण झालं, चार बोल्टांवर बसवलं, आणि आडवं लाकूडही लागलं. बाबांसाठी आर्णीच्या शिंप्याकडून दोन पायजमे शिवून आणले. ते घालून बाहेर पडायची त्यांना इतकी लाज वाटे की पहिले दोन दिवस मागच्या दारानं शेतात गेले.

त्यानंतर मला जाता आलं नाही. दिवस भरत आले होते. मी घरातच पडून ट्रॅक्टरचा आवाज ऐकत असे. तो एकसुरी, लांबचा आवाज चालू असला की डोळा लागे. थांबला की मी उठून बसे. वळताना थांबे, मूळ काढायला थांबे, रॉकेल टाकायला थांबे. दर वेळी माय म्हणे, "बंद झालं म्हणजे बंद झालं, बाई. दुसरं काई नाही." आणि दर वेळी मी आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत बसून राही.

मिरगाच्या आधी शेत झालं. त्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावली आणि ओळींमधून तूर. कुंदा दोन-तीन जागी पुन्हा आला, तो खणून काढावा लागला. तोपर्यंत मला मुलगी झाली होती. बाबांचं मनगट जुळलं, पण थोडं वाकडं, आणि त्या हाताची मूठ त्यांना पुढे कधी घट्ट वळता आली नाही. नातीला ते डाव्या हातावर घेत, आणि उजवा नुसता खाली आधाराला ठेवत.